छपरापासून चुलीपर्यंत: उपग्रह प्रतिमेवरून कोकणातल्या शहराचा इमारत-नकाशा कसा करायचा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ज्यांच्या घराला माडी होती ते माडीवर गेले. ज्यांचं घर बैठं होतं त्यांना शेजारच्याचा स्लॅब गाठावा लागला, आणि काही जण छपरावरच अडकले. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना एक प्रश्न मनातून जाईना. कुठल्या आळीत किती घरं बैठी आहेत, आणि त्यांच्यापासून सर्वांत जवळची दुमजली इमारत कुठली, हे आधी कागदावर असतं तर होड्या कुठे आधी न्यायच्या हे ठरवायला किती सोपं गेलं असतं!

हा नकाशा करता येतो. त्यासाठी लाखोंची यंत्रसामग्री लागत नाही. एक बरा संगणक, मोफत मिळणारी सॉफ्टवेअर, उपग्रहाची चांगली प्रतिमा आणि गावात पायी फिरायची तयारी एवढं पुरतं. हा लेख नगर परिषदेतल्या अभियंत्यांसाठी, नगररचना आणि आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि आपल्या गावाचं नियोजन नीट व्हावं असं वाटणाऱ्या कोणासाठीही आहे. उदाहरणं बहुतेक चिपळूणची आहेत, पण गुहागर, मालवण, श्रीवर्धन, महाड कुठेही हीच पद्धत चालते.

सुरुवातीलाच तीन शब्द वेगळे करून ठेवा: छप्पर, घर आणि चूल. उपग्रहाला वरून फक्त छप्पर दिसतं. नगर परिषदेच्या दप्तरात घरपट्टीच्या क्रमांकाने घर असतं. आणि नियोजन ज्यांच्यासाठी करायचं ती माणसं चुलीभोवती असतात. या तीन आकड्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. पुढची प्रत्येक पायरी या तिघांना एकमेकांशी जोडण्यासाठीच आहे.

आधी प्रश्न, मग हद्द

“शहराच्या सगळ्या इमारती काढायच्या” असं ठरवून बसू नका. प्रश्न काय आहे ते एका ओळीत लिहा. पुरात बैठी घरं शोधायची असतील तर मजले महत्त्वाचे. विकास आराखड्यासाठी विद्यमान जमीन वापर नकाशा करायचा असेल तर वापर महत्त्वाचा: राहतं घर, दुकान, शाळा, गोदाम. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखड्याआधी हा विद्यमान वापराचा नकाशा करावाच लागतो. गटाराची योजना असेल तर छपराचं क्षेत्रफळ आणि उतार हवा, कारण आषाढातलं पाणी त्या छपरांवरूनच गटारात येतं.

हद्द आखताना नगर परिषदेच्या सीमेवर थांबू नका. शहर सीमेबाहेर महामार्गाच्या कडेने वाढतं, आणि पाणी तर सीमा मानतच नाही. सीमेबाहेर निदान अर्धा किलोमीटर पट्टा घ्या. मग सगळ्या हद्दीवर २५० मीटरचे चौकोन टाका. क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रिएट ग्रिड’ने हे मिनिटभरात होतं. एक चौकोन सव्वासहा हेक्टरचा होतो. चौकोन वाटून घेतले की चार जणांना एकाच वेळी काम करता येतं आणि कुठला भाग राहिला ते लगेच दिसतं.

प्रतिमा निवडणं

पहिला निकष बारकावा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा मोफत आणि दर काही दिवसांनी मिळतात, पण त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटरचा असतो. ८ बाय १० मीटरचं घर एका ठिपक्यातच संपतं. शहर कोणत्या दिशेने पसरतंय हे त्यातून कळेल, घर काढता येणार नाही. ५० सेंटिमीटरच्या प्रतिमेत तेच घर साधारण १६ बाय २० म्हणजे ३२० ठिपक्यांचं दिसतं, आणि तेव्हा कुठे कोपरे सापडतात. म्हणून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून बारीक प्रतिमा घ्या. इस्रोचा कार्टोसॅट-३ हा २७ नोव्हेंबर २०१९ ला सोडलेला उपग्रह ३० सेंटिमीटरपेक्षाही बारीक कृष्णधवल प्रतिमा देतो. सरकारी कामासाठी अशा प्रतिमा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून मागवता येतात.

पैसे नसतील तर बिंग किंवा एस्रीच्या पार्श्वभूमी प्रतिमेवर काम करा. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशावर, घरं काढायला या दोन्ही चालतात. गूगलची प्रतिमा नुसती बघायला उत्तम, पण तिच्यावरून रेघा ओढून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भरू नका, त्याला परवानगी नाही. एस्रीच्या ‘वेबॅक’ संग्रहात २०१४ पासूनच्या आवृत्त्या आहेत. तिथे आवृत्तीची तारीख आणि प्रतिमा टिपल्याची तारीख वेगळी असते, म्हणून नकाशावर क्लिक करून टिपल्याची तारीख पाहा आणि लिहून ठेवा.

दुसरा निकष ऋतू. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांखेरीज काही हाती लागत नाही. ढगांतून एखादी फट मिळालीच तर निम्म्या छपरांवर निळी ताडपत्री असते, आणि मासेमारी बंद असल्याने किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होड्या झोपड्यांसारख्या दिसतात. डिसेंबर-जानेवारीत हवा स्वच्छ असते, पण सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने सावल्या लांब पडतात. दाट आळीत एका घराची सावली दुसऱ्याचं छप्पर झाकते. मार्च-एप्रिलमध्ये सावल्या आखूड असतात, गवत वाळलेलं असतं आणि कौलं जमिनीपासून उठून दिसतात. माझी पसंती मार्चला. मात्र उंची मोजायची असेल तर डिसेंबरची लांब सावलीच कामाला येते, म्हणून जमलं तर दोन्ही घ्या.

तिसरा निकष तिरकेपणा, आणि लोक नेमके इकडेच दुर्लक्ष करतात. उपग्रह नेहमी बरोबर डोक्यावरून पाहत नाही. १५ मीटर उंच इमारत २० अंशांच्या तिरकसातून पाहिली तर तिचं छप्पर पायापासून जवळजवळ साडेपाच मीटर सरकलेलं दिसतं. चिपळूणच्या चिंचनाक्याजवळची उंच इमारत अशाने रस्त्यात आलेली दिसेल, आणि उद्या कोणी त्या नकाशावरून अतिक्रमणाची नोटीस काढेल. १५ अंशांपेक्षा कमी तिरकस प्रतिमा निवडा.

तयार आकृत्या मिळतात, त्या कितपत घ्यायच्या

गूगलच्या ओपन बिल्डिंग्ज या खुल्या संचाच्या २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत १८० कोटी इमारती आहेत, आणि त्यात भारतही आहे. मायक्रोसॉफ्टनेही असाच जागतिक संच खुला केला आहे. गूगलच्या संचात प्रत्येक आकृतीबरोबर खात्रीचा आकडा असतो, ०.६५ पासून १ पर्यंत. हा संच उतरवून आपल्या हद्दीपुरता कापून घ्या आणि आधार म्हणून वापरा, कोऱ्या पानावरून सुरुवात करू नका.

पण त्याच्यावर विसंबू नका. सपाट मैदानातल्या वसाहतीत यंत्र चांगलं काम करतं. कोकणात त्याची तीन ठिकाणी फसगत होते. कौलारू घराच्या एका पाख्यावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली असते, मग यंत्र एका घराची दोन घरं करतं. बाजारपेठेत भिंतीला भिंत लागून असलेली सात-आठ दुकानं ते एकाच लांब आकृतीत गुंडाळतं. आणि माडा-पोफळीखालची घरं त्याला दिसतच नाहीत. चुकीची जादा आकृती तुम्ही संगणकावर बसून पुसू शकता, पण न दिसलेलं घर तिथे बसून सापडत नाही. म्हणून खात्रीची पातळी चढवून संच ‘स्वच्छ’ करायच्या मोहात पडू नका, ०.६५ पासूनचं सगळं घ्या आणि डोळ्यांनी गाळा.

क्यूजीआयएसमध्ये मांडणी

प्रकल्पाची संदर्भप्रणाली (जागा कोणत्या मापात नोंदवायची ती पद्धत) ईपीएसजी ३२६४३ ठेवा, म्हणजे मीटरमध्ये मोजणारा यूटीएम ४३ उत्तर हा पट्टा. अख्खी कोकणपट्टी याच पट्ट्यात बसते. अक्षांश-रेखांशाच्या ४३२६ मध्ये काम केलं तर लांबी-क्षेत्रफळ सरळ मीटरमध्ये येत नाही आणि हिशेब चुकतात.

फाइल जिओपॅकेज प्रकारात ठेवा. जुन्या शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात. देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, म्हणजे ‘छप्पर_प्रकार’ तीन अक्षरांतच तुटतो. रकाने आपल्या भाषेत असले तर नगर परिषदेतला वसुली कारकूनही ते वाचू शकतो, आणि त्याने वाचायलाच हवेत.

रकाने थोडे ठेवा: छप्पर क्रमांक, छपराचा प्रकार, मजले, वापर, घरपट्टी क्रमांक, चुली, बंद की राहतं, प्रतिमेची तारीख, पाहणीची तारीख, खात्री. ‘खात्री’त तीनच पर्याय: प्रतिमेवरून, रस्त्यावरून पाहिलं, घरी जाऊन विचारलं. हा रकाना गाळू नका. पुढे कोणी वाद घातला तर कोणती माहिती कशाच्या आधारावर आहे हे त्यानेच कळतं.

जुळवणी

प्रतिमा जमिनीवर जिथे असायला हवी तिथे नसते, काही मीटर सरकलेली असते. पुलाचे कोपरे, चौकातल्या रस्त्यांचे छेद, मैदानाचे कोपरे असे सात-आठ पक्के बिंदू घ्या. त्यांचे निर्देशांक चांगल्या जीपीएस यंत्राने मिळवा आणि प्रतिमा त्यांच्याशी जुळवून बघा. मोबाइलच्या जीपीएसने भागवायचं असेल तर उघड्यावर थांबा, दहा मिनिटं नोंद घ्या आणि सरासरी काढा.

कोकणात एक जादा अडचण आहे. खाडीकाठचा सखल भाग आणि वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, यांच्या उंचीत मोठा फरक असतो. प्रतिमा जमिनीच्या उंचसखलपणाच्या माहितीवरून नीट सरळ केलेली नसेल तर बाजारात ती दोन मीटर सरकलेली आणि डोंगरउतारावर आठ मीटर सरकलेली मिळते, तीही वेगळ्या दिशेने. चिपळूणमध्ये गोवळकोटच्या बाजूचे आणि परशुरामच्या चढावरचे बिंदू वेगवेगळे तपासा. अख्ख्या शहराला एकच सरकवणी लावून मोकळं होऊ नका.

छपरं काढणं

आता खरं काम. पडद्यावर १:५०० ते १:१००० एवढं मोठं करून काढा. त्याहून जवळ गेलात तर ठिपके दिसायला लागतात आणि हात उगाच थरथरत्या रेघा काढतो. ‘स्नॅपिंग’ (रेघ जवळच्या कोपऱ्याला आपोआप चिकटवणारी सोय) चालू ठेवा, म्हणजे लागून असलेल्या घरांमध्ये फट राहत नाही आणि आकृत्या एकमेकींवर चढत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपच्या जेओएसएम या सॉफ्टवेअरमध्ये काढत असाल तर आकृती निवडून ‘क्यू’ दाबलं की कोपरे काटकोनात येतात. मात्र जुन्या आळीतली घरं रस्त्याच्या वळणाप्रमाणे तिरकी बांधलेली असतात, त्यांना बळजबरीने काटकोनात आणू नका.

उंच इमारत असेल तर आधी छपराची आकृती काढा, कारण तिचे कोपरे स्पष्ट असतात. मग ती आकृती उचलून पायावर आणून ठेवा. भिंत जमिनीला लागते ती रेघ एका बाजूला दिसतेच. एकाच प्रतिमेतल्या सगळ्या इमारती साधारण एकाच दिशेला झुकलेल्या असतात, त्यामुळे दोन-तीन इमारतींनंतर हाताला सवय होते.

मग छपराचा प्रकार. मंगलोरी कौल नवं असताना तांबूस दिसतं, चार पावसाळे खाल्ले की शेवाळाने काळसर होतं आणि झाडीत मिसळून जातं. पत्रा चकाकतो, निळा किंवा राखाडी असतो. स्लॅब पांढुरका दिसतो आणि त्यावर पाण्याची काळी टाकी असते. पण आपल्याकडे गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड टाकायची पद्धत आहे. वरून पत्रा दिसला म्हणून ते बैठं घर समजू नका, खाली दोन मजले असू शकतात. पुराच्या नकाशात ही चूक महागात पडते, कारण माडी असलेलं सुरक्षित घर तुम्ही बिनमाडीचं धरलेलं असतं. पत्र्याच्या कडेची सावली लांब असेल तर ‘मजले’ रकान्यात प्रश्नचिन्ह टाका आणि पाहणीला ठेवा.

सड्यावर चिरेखाणी घरासारख्या दिसतात, कारण जांभा काटकोनात कापलेला असतो. ओळखायची खूण सावलीत आहे. प्रतिमा बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास टिपलेली असते. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. इमारतीची सावली तिच्या बाहेर, वायव्येला पडते. खाणीत सावली आतल्या बाजूला, आग्नेयेच्या कडेला साचलेली दिसते. हे एकदा डोळ्यांत बसलं की खाण आणि गोदाम लांबूनच वेगळं कळतं.

खळ्यातला मांडवही फसवतो. पावसाळा संपला की खळं सारवून त्यावर मांडव घालतात आणि पावसाआधी काढतात. मार्चच्या प्रतिमेत घर दीडपट मोठं दिसतं. मांडवाचा रंग आणि पोत मूळ छपरापेक्षा वेगळा असतो, आणि तो घराच्या पुढच्या बाजूलाच असतो. तो घरात धरू नका.

आता एक हिशेब, जो मी प्रत्येक नव्या मुलाला आधी करायला लावते. कौलारू घराची पागोळी भिंतीपासून दोन-अडीच फूट बाहेर पडते, पावसाला भिंतीपासून दूर ठेवायला ती हवीच. समजा भिंतींचं बाहेरून माप ८ बाय १० मीटर, म्हणजे ८० चौरस मीटर आहे. चारही बाजूंना ७५ सेंटिमीटर वळचण धरली तर वरून दिसणारं छप्पर साडेनऊ बाय साडेअकरा, म्हणजे १०९ चौरस मीटर होतं. एक तृतीयांशाहून जास्त वाढ! गटाराच्या हिशेबाला १०९ च हवे, कारण पाऊस छपरावर पडतो. पण घरपट्टीच्या किंवा बांधकाम क्षेत्राच्या कामाला हा आकडा वापरला तर गरिबाच्या कौलारू घरावर जादा कर बसतो आणि स्लॅबवाल्याला मोकळं सोडलं जातं. म्हणून छपराचं क्षेत्रफळ आणि बांधकामाचं क्षेत्रफळ असे दोन रकाने वेगळे ठेवा.

झाडीखालची घरं कशी शोधायची? घर दिसत नसलं तरी घराच्या खुणा दिसतात. पाखाडी (दगडी पायवाट) झाडीत शिरून तिथेच संपत असेल तर तिच्या टोकाला घर असणार. विहिरीचं गोल तोंड, झाडीतली खळ्याची मातकट मोकळी जागा, गोठ्यापाशी उन्हाळ्यात रचलेली गवताची उडवी, सुकायला टाकलेले कपडे यातलं काहीही दिसलं तर तिथे आकृती न काढता ‘संशय’ म्हणून एक बिंदू ठेवा. वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा एकामागोमाग लावून पाहा. उपग्रहाचा कोन बदलला की माडाच्या झावळ्यांमधून कौलाचा एखादा कोपरा डोकावतो.

उंची

सपाट जागी सावलीची लांबी मोजा आणि तिला सूर्याच्या उन्नतांशाच्या, म्हणजे क्षितिजापासूनच्या कोनाच्या, टॅनने गुणा. उन्नतांश प्रतिमेसोबतच्या माहितीत मिळतो. सावली १२ मीटर आणि उन्नतांश ४० अंश असेल तर इमारत साधारण १० मीटर, म्हणजे तिमजली. उतारावर हे चालत नाही: उताराच्या दिशेने पडलेली सावली लांबते, चढाच्या दिशेने पडलेली आखडते. आणि दाट आळीत सावलीचं टोकच सापडत नाही. अशा ठिकाणी वेळ घालवू नका, मजले पायी फिरून मोजा.

पायी फेरी

फोनवर क्यूफील्ड हे क्यूजीआयएसचा प्रकल्प उघडणारं अ‍ॅप टाका, प्रकल्प त्यात भरा, इंटरनेटशिवायही चालतो. सकाळी लवकर निघा. बरोबर त्या वॉर्डातलं ओळखीचं कोणी तरी असू द्या, आणि हातात नगर परिषदेचं पत्र. लोक पहिला प्रश्न एकच विचारतात, “घरपट्टी वाढवायला आलात का?” खरं काय ते सांगा. पुराच्या वेळी कोणाला आधी काढायचं ते ठरवायला आलो असं सांगितलं की लोक आपणहून पुढे येतात, चहा ठेवतात आणि पाणी कुठवर आलं होतं ती भिंतीवरची रेघ दाखवतात. ती रेघ जमिनीपासून मोजून नोंदवा.

खाडीलगतच्या एका वाडीत मला प्रतिमेत तीन छपरं दिसली होती, बाकी सगळे माड. प्रत्यक्षात सात निघाली. त्यातल्या सगळ्यात मोठ्या घराच्या पडवीत एक म्हातारी काकी सोलं वाळवत बसली होती. मी म्हटलं, “काकी, तुमचं छप्पर वरून एकच दिसतं.” ती म्हणाली, “छप्पर एकच गो, चुली तीन. थोरल्याची पुढे, मधल्याची मागच्या पडवीत, आणि धाकटा मुंबईला. त्याची चूल गणपतीत पेटते.” नगर परिषदेच्या यादीत त्या छपराला दोन घरपट्टी क्रमांक होते. उपग्रहाने एक सांगितलं, दप्तराने दोन, आणि माणसं होती तीन घरची. तिच्या मागच्या पडवीत पुराचं पाणी कमरेच्या वर आलं होतं आणि पोटमाळ्याला शिडी नव्हती. हे वाक्य कुठल्याही प्रतिमेतून मिळालं नसतं.

म्हणून प्रत्येक संशयाच्या बिंदूवर जा. प्रत्येक घराला पाच प्रश्न पुरतात: चुली किती, कायम राहतात किती माणसं, मजले किती, वर जायला जिना किंवा शिडी आहे का, आणि चालता न येणारं कोणी आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सार्वजनिक नकाशात कधीही टाकू नका, ते वेगळ्या कुलूपबंद यादीत ठेवा. मालकाची नावंही उघड्या फाइलमध्ये नकोत.

बंद घर ‘रिकामं’ म्हणून नोंदवू नका, ‘बंद’ म्हणून नोंदवा. पडकं घर असेल, नुसता चौथरा उरला असेल तर तेही वेगळं. बंद घराला पुढच्या गणपतीत दहा माणसं येतात, त्यांचं पाणी, त्यांचा कचरा, त्यांच्या गाड्या शहरालाच सांभाळायच्या असतात.

किती बरोबर आलं?

सगळ्या चौकोनांतून वीस चौकोन चिठ्ठ्या टाकून निवडा. आवडीचे निवडू नका. ज्याने तो चौकोन काढला नाही अशा माणसाला तिथे पाठवा. समजा प्रत्यक्षात २४० इमारती सापडल्या, तुमच्या नकाशात २१० होत्या आणि त्यांतल्या २०० खऱ्या निघाल्या. म्हणजे काढलेल्यांपैकी ९५ टक्के बरोबर, पण असलेल्यांपैकी ८३ टक्केच काढल्या. हे दोन आकडे कायम जोडीने सांगा. पूर-नियोजनात दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण सुटलेल्या घरात माणसं असतात. आकृतीचा आकार तपासायला दोन्ही आकृत्यांचा सामाईक भाग भागिले दोन्ही मिळून व्यापलेला भाग हे गुणोत्तर काढा. सामाईक ९० आणि एकूण १२० असेल तर ०.७५, आणि हे गुणोत्तर चांगलं समजायला हरकत नाही.

टक्केवारी वाडीनिहाय वेगळी काढा. बाजारपेठेतले ९८ आणि झाडीतले ६० यांची सरासरी काढली की झाडीतले ६० लपतात.

नियोजनाचे थर

आता या नकाशावर दुसरे थर टाका. जलसंपदा विभागाच्या निळ्या पूररेषेचा अर्थ सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल रेषेचा १०० वर्षांतून एकदा येणारा. क्यूजीआयएसमध्ये रेषांच्या आतल्या बैठ्या इमारती निवडा, मग प्रत्येकीपासून सर्वांत जवळची दोन किंवा जास्त मजल्यांची इमारत शोधा. अंतर सरळ रेषेत मोजू नका, रस्त्याने मोजा. मध्ये वहाळ (ओढा) असेल तर वीस मीटरवरची शाळाही पुरात गाठता येत नाही. हीच यादी आपत्ती व्यवस्थापनाला द्यायची.

किनाऱ्यावरच्या गावांत सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) भरतीरेषा आणि डोंगराकडच्या भागात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवणता नकाशा टाकता येतो. महाडजवळच्या तळियेत त्याच २२ जुलै २०२१ ला दरड कोसळून जे झालं त्यानंतर हा थर टाकायलाच हवा. पण मापाचं भान ठेवा. दरडप्रवणतेचा राष्ट्रीय नकाशा १:५०,००० चा आहे, त्यातला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. त्यावरून “ही वाडी जवळ जाऊन तपासली पाहिजे” एवढं म्हणता येतं, “हे घर धोक्यात आणि शेजारचं सुरक्षित” असं म्हणता येत नाही. भरतीरेषेचंही तेच: तुमची आकृती अर्ध्या मीटरपर्यंत बारीक असली तरी ती ज्या रेषेशी ताडून बघता ती तेवढी बारीक नसते. कोणाचं घर रेषेच्या आत की बाहेर याचा निर्णय मोजणीच्या खुणांवर होतो, आपल्या नकाशावर नाही, हे नकाशाच्या कोपऱ्यात ठळक छापा.

शहर कसं वाढलं ते दाखवायचं असेल तर गूगलचाच २०१६ ते २०२३ चा वार्षिक संच आहे. तो सेंटिनेल-२ वरून केलेला आहे आणि त्यात इमारती व त्यांच्या उंचीचा अंदाज मिळतो. एकेका घरासाठी तो उपयोगाचा नाही, पण कुठल्या बाजूने बांधकाम चढतंय ते नगरसेवकांना एका नजरेत दाखवायला फार चांगला.

नकाशा लोकांपुढे ठेवणं

प्रत्येक वॉर्डाचा नकाशा मोठ्या कागदावर छापा. घरांवर फक्त छप्पर क्रमांक, नाव नको. तो ग्रंथालयात, देवळाच्या सभामंडपात, मशिदीजवळच्या चौकात लावा आणि शेजारी दोऱ्याला लाल पेन बांधून ठेवा. लोक चुका शोधतात, आणि फार बारीक शोधतात: “ही शाळा पाडली”, “इथे गेल्या वर्षी शेड झाली”, “हा गोठा आहे, घर नाही”. प्रत्येक लाल खूण फाइलमध्ये तारखेसह भरा आणि जुनी आवृत्ती पुसू नका. फाइलच्या नावातच वॉर्ड आणि तारीख असू द्या.

दुसरी पायी फेरी गणपतीच्या दिवसांत ठेवा. बंद घरांची कुलपं तेव्हा निघालेली असतात, मुंबईहून आलेले भाऊ घरी असतात आणि चुली किती हे त्यांनाच विचारता येतं. दुपारच्या आरतीआधी जा, नंतर घरात पाहुणे वाढतात आणि बोलायला कोणी मोकळं सापडत नाही.